दार उघडं ठेवून भागत नाही

माझ्या खोलीच्या दारावर बरीच वर्षं एक कागद चिकटवलेला होता : ‘शंका असल्यास केव्हाही यावे.’ पिवळा पडला की मी नवा लावायचे. अभियांत्रिकीच्या सुरुवातीच्या वर्षांना मी इलेक्ट्रिकल सर्किट्स शिकवते, आणि आपल्याइतकं मुलांसाठी मोकळं दुसरं कुणी नाही अशी माझी पक्की समजूत होती.

एका सत्राच्या शेवटी पेपर तपासून झाल्यावर मी सहज म्हणून आठवून आठवून नावं लिहिली. वर्गात ६८ जण. सत्रभरात माझ्याकडे आलेले २३. त्यांतल्या १९ जणांना मी शिकवलं नसतं तरी विषय आला असता. ते यायचे ते ‘मॅडम, इथे दोन मार्क का कापले’ हे विचारायला. नापास झालेल्या ११ जणांपैकी मात्र एकच आला होता. या ११ जणांत घरातून विद्यापीठात पोचलेले पहिलेच असे सहा होते, शाळा वेगळ्या भाषेत करून आलेले चार होते, आणि वर्गातल्या एकूण नऊ मुलींपैकी तीन होत्या. बेरीज ११ च्या वर जाते, कारण काही जण दोन-दोन रकान्यांत बसतात. त्यांचं ओझंही तसंच दुप्पट असतं.

पुढच्या वर्षी त्यांतल्या एकाला मी विचारलं, का रे आला नाहीस? तो म्हणाला, “दारावर लिहिलं होतं, शंका असेल तर या. मला शंका नव्हती मॅडम. मला काहीच कळत नव्हतं.”

तो कागद मी त्याच दिवशी काढला. ज्या घरांतून, समाजांतून, शाळांतून विज्ञान-अभियांत्रिकीकडे फारसं कुणी येत नाही, तिथून आलेल्या मुलांना ‘मागा, मिळेल’ असं सांगणं म्हणजे न सांगण्यासारखंच आहे. कधी, कुणाकडे आणि काय मागायचं, हेच त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून मदत अशी ठेवायची की मागावीच लागू नये. ती वेळापत्रकात, प्रयोगशाळेच्या कागदात, उत्तरपत्रिकेवरच्या शेऱ्यात आधीच असली पाहिजे. हे कसं करते ते पुढे लिहिते आहे. तुम्ही शिकवत असाल तर यातलं बरंचसं उद्यापासून, कुणाचीही परवानगी न घेता करता येईल.

आधी आपली वही काढा

मागे कोण पडतं, हे अंदाजाने ठरवू नका. गेल्या तीन वर्षांचे गुण घेऊन बसा. एका दुपारचं काम आहे. कोण नापास झालं एवढंच न पाहता, गाडी नेमकी कुठे घसरली ते शोधा. मला वाटायचं, शेवटच्या परीक्षेत. प्रत्यक्षात माझ्या विषयात घसरण होत होती चौथ्या आठवड्यात, पहिल्या छोट्या चाचणीत. तिथे २० पैकी ८ च्या खाली गेलेल्यांतलं क्वचितच कुणी पुन्हा वर आलं होतं. म्हणजे मी सत्राच्या शेवटी जी धावपळ करत होते, ती वरातीमागून घोडं होती. घसरलेल्यांची ही यादी मात्र तुमच्यापाशीच राहू द्या. वर्गात वाचून दाखवलीत की तिचा शिक्का होतो.

सात मिनिटं

पहिल्या दोन आठवड्यांत मी प्रत्येकाला सात मिनिटांसाठी बोलावते. हजेरीच्या क्रमाने, वेळ ठरवून, सगळ्यांना. ‘सगळ्यांना’ याला महत्त्व आहे. निवडक मुलांना बोलावलं तर ते मान खाली घालून येतात. ६८ जणांचे मिळून आठ तास होतात. सत्राच्या शेवटी नापासांसाठी जादा तास घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

विचारायचं ते थोडं. नाव नीट कसं उच्चारायचं? मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं यंत्र) किंवा सोल्डरिंग आयर्न (तारा डाग देऊन जोडायची तापती सळई) याआधी कधी हातात धरली आहे का? तास संपल्यावर तुझा दिवस कुठे जातो? या शेवटच्या प्रश्नावर खरी माहिती बाहेर येते : कुणी संध्याकाळी नोकरी करतो, कुणाचे चार तास प्रवासात जातात, कुणाला घरी आजारी माणसाकडे बघायचं असतं. निघताना मी प्रत्येकाच्या हातात एक छोटं उदाहरण ठेवते आणि ते सोडवून, किंवा न सुटलेलं, पुढच्या आठवड्यात परत आणायला सांगते. दुसऱ्यांदा यायला निमित्त लागतं, ते मीच देते.

विचारायचं नाही तेही सांगते. प्रवेश कसा मिळाला, वडील काय करतात, याच्याशी आपला संबंध नाही. आणि मुलींना ‘या शाखेत कशी काय आलीस गं?’ असं कौतुकाने विचारणारी मीच होते. माझ्या आवाजात कितीही कौतुक असलं, तरी तिला ऐकू एवढंच येतं की हिला माझं इथे असणं नवलाचं वाटतंय.

वर्गात

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या सुमाराला शाळांमधल्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट पाहतात जेमतेम एक सेकंद. ती वाट तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात. मी माझा तास फोनवर रेकॉर्ड करून ऐकला. सव्वा सेकंद! आता मी मनात आकडे मोजते. सुरुवातीला ती शांतता खायला उठायची.

विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या वर्गांवर झालेले २२५ अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये एक निष्कर्ष निघाला : नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता, मुलांना स्वतः सोडवायला, बोलायला लावणाऱ्या, म्हणजे सक्रिय पद्धतीच्या वर्गापेक्षा दीडपट असते. २०२० मधल्या अशाच एका एकत्रित अभ्यासात, कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटांमधली आणि इतरांमधली परीक्षेच्या गुणांची दरी सक्रिय पद्धतीमुळे सरासरी ३३ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. यासाठी फार काही करावं लागत नाही. दर पंधरा मिनिटांनी फळ्यावर एक प्रश्न, प्रत्येकाने आधी स्वतःचं उत्तर कागदावर लिहायचं, मग शेजाऱ्याशी भांडायचं, मग पुन्हा लिहायचं. आधी लिहून घ्यायला विसरू नका. नाहीतर शेजारचा हुशार बोलतो आणि हा मान डोलावतो.

‘हे तर उघड आहे’, ‘हे शाळेत झालंच असेल’ ही दोन वाक्यं मी तोंडातून हद्दपार केली आहेत. ज्याच्या शाळेत झालेलं नसतं तो त्या क्षणी पेन खाली ठेवतो. मी मागच्या बाकावर बसून पाहिलंय.

एक आणखी. प्रत्येक वर्गात सहावीपासून प्रोग्रॅमिंग करणारा एखादा असतो आणि तो मोठ्याने बोलतो. त्याचा दोष नाही, पण बाकीच्यांना वाटतं की सगळ्यांना हे येतं, मीच ढ. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजात संगणकशास्त्राचा पहिला कोर्सच यासाठी आधीच्या अनुभवानुसार वेगवेगळ्या तुकड्यांत विभागला, आणि अशा बोलघेवड्यांना शिक्षक बाजूला घेऊन म्हणू लागले की तुझ्याशी बोलायला मजा येते, पण तासानंतर बोलू. मारिया क्लावे २००६ मध्ये तिथे अध्यक्ष म्हणून आल्या, तेव्हा संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली साधारण १० टक्के होत्या. काही वर्षांत त्या ४० टक्क्यांच्या आसपास गेल्या. त्यांनी इतरही बरंच केलं, पण माझ्या मते या दोन गोष्टी कुठेही जमण्यासारख्या आहेत.

प्रयोगशाळेत कुणाच्या हातात काय आहे?

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण वर्गात जे झाकलं जातं ते प्रयोगशाळेत उघड दिसतं. फक्त बघायला हवं.

चौघांचा गट, एक ब्रेडबोर्ड (सर्किट जुळवायची भोकांची पाटी), एक ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र). तिसऱ्या आठवड्यापर्यंत कामं आपोआप वाटली जातात. एक जण प्रोब, म्हणजे यंत्राची मोजायची सुई, पकडतो, एक कॅल्क्युलेटर, एक जण बघतो, आणि जिचं अक्षर चांगलं ती जर्नल लिहिते. ‘जिचं’ असं मी मुद्दाम लिहिलंय. एका वर्षी तोंडी परीक्षेला अशाच एका मुलीला परीक्षकांनी विचारलं, लहरी स्थिर दिसत नाहीयेत, काय कराल? तिच्या जर्नलमध्ये सगळी वाचनं, सगळे आलेख सुबक होते. पण लहरी स्थिर करणारं ट्रिगरचं बटण कुठे असतं हे तिला माहीत नव्हतं, कारण वर्षभर तिने त्या यंत्राला हात लावलेला नव्हता. आणि तिच्या जर्नलचं वर्गात कौतुक कुणी केलं होतं? मीच.

तेव्हापासून कामं गटावर सोडत नाही. प्रयोगाच्या छापील कागदावरच चार रकाने आहेत : जोडणी, मोजमाप, नोंद, तपासणी. कोणत्या तारखेला कोण काय करणार हे सत्राच्या पहिल्या दिवशीच भरून टाकायचं. आज नोंद करणाऱ्याकडे पुढच्या वेळी जोडणी. जमेल तिथे चौघांऐवजी दोघांची जोडी करा. उपकरणं कमी असतील तर अर्ध्या वर्गाला वेगळा प्रयोग द्या आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल करा.

गट पाडताना ‘समतोल’ म्हणून प्रत्येक गटात एकेक मुलगी टाकण्याची चूक करू नका. तसं केलं की प्रत्येक जण एकटी पडते. चार मुली असतील तर दोन-दोन ठेवा, मग काही गट नुसत्या मुलांचे झाले तरी चालतील. जो कुणी वर्गात मोजक्यांपैकी आहे, त्या सगळ्यांना हा नियम लागू आहे.

आणि अडलेल्याच्या हातातून वायर घेऊ नका. मी हात पाठीमागे बांधून उभी राहते, अक्षरशः. ‘आता या टोकापासून त्या टोकापर्यंत किती व्होल्ट दिसायला हवेत?’ असं विचारायचं आणि थांबायचं. आपण वायर घेऊन दहा सेकंदांत जोडून दिली की सर्किट चालतं, पण त्याला कळतं ते एवढंच की आपल्याला ते जमत नव्हतं.

एका मुलाचं सर्किट वारंवार चुकायचं. त्याला मी निष्काळजी म्हटलं होतं, दोनदा, सगळ्यांसमोर. मग एकदा त्याचा ब्रेडबोर्ड नीट पाहिला तर एक किलोओहमच्या जागी एक मेगाओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला अडवणारा भाग) होता. त्याची किंमत रंगीत पट्ट्यांवरून ओळखायची असते. पहिल्यावर पट्टे असतात तपकिरी, काळा, लाल. दुसऱ्यावर तपकिरी, काळा, हिरवा. त्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नव्हता आणि हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. हजारपट चूक, आणि त्यात निष्काळजीपणा कणभरही नव्हता. आता नियम सगळ्यांसाठी आहे : रेझिस्टर लावण्याआधी मल्टिमीटरने मोजायचा. डब्यांवर किमती मोठ्या अक्षरांत लिहिल्या आहेत. एक टेबल खुर्चीत बसून काम करता येईल इतकं बुटकं करून घेतलं आहे, आणि ते कुणी मागण्याआधीच केलं आहे.

अवघड उदाहरणं द्या, सोपी नव्हे

कच्च्या मुलांसाठी जादा तास मीही घेतले. कुणी आलं नाही. जे आले ते मागच्या रांगेत बसले आणि कुणी ओळखीचं दारावरून गेलं की वाकून बूट बांधायचे.

मग मला युरी ट्राइजमन यांचं काम वाचायला मिळालं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात ते गणित शिकवत होते. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत होते. सहकाऱ्यांची कारणं ठरलेली : इच्छा नाही, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही, गरिबी. ट्राइजमन यांनी मुलांसोबत राहून पाहिलं, तर एकही कारण टिकलं नाही. ही मुलं भरपूर अभ्यास करत होती, पण एकटी. अभ्यास एकीकडे, मित्र दुसरीकडे. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र आधी एकटे अभ्यास करून मग रात्री एकत्र जमायचे, एकमेकांची उत्तरं ताडून पाहायचे, चुका पकडायचे. यावर ट्राइजमन यांनी काढलेला उपाय जादा तासांच्या अगदी उलट होता. त्यांनी कार्यशाळा सुरू केल्या, त्या हुशारांच्या म्हणून, आणि त्यांत नेहमीपेक्षा अवघड उदाहरणं ठेवली. निकाल पालटले.

माझी नक्कल अशी आहे. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, वेळापत्रकातच. पाच-सहा जणांचं टेबल. सगळ्यांना खुलं; पण माझ्या यादीतल्या प्रत्येकाला मी नाव घालून चिठ्ठी देते की तू यावंस असं मला वाटतं. देखरेखीला वरच्या वर्षाचा एक विद्यार्थी, ज्याला सोडवून दाखवायची मनाई आहे. तो फक्त विचारतो, ‘हे तुला कसं कळलं?’ निवडताना सगळ्यांत हुशार विद्यार्थी घेऊ नका. पहिल्या वर्षी अडखळून सावरलेला घ्या, आणि त्याच्या तासांचे पैसे द्या. फुकट राबवून घ्यायचं आणि त्याला ‘अनुभव’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

उदाहरण कसलं द्यायचं? बारा सारखे रेझिस्टर घ्या आणि घनाच्या बारा कडांवर एकेक ठेवा. प्रत्येक R ओहमचा. घनाच्या आरपार जाणाऱ्या कर्णाच्या दोन टोकांच्या कोपऱ्यांमध्ये एकूण रोध किती? शिकवणीत घोटून आलेलं सूत्र इथे कामाला येत नाही. कोपऱ्यात शिरणारा प्रवाह तिघांत सारखा वाटला जातो, पुढे दोघांत, मग पुन्हा तिघे एकत्र येतात, हे दिसलं की उत्तर निघतं : ५/६ R. घोटून आलेला आणि न घोटता आलेला दोघेही या उदाहरणापुढे पहिली दहा मिनिटं सारखेच बावळट दिसतात. मला नेमकी तीच दहा मिनिटं हवी असतात.

पहिली चाचणी

चाचणीआधी मी वरच्या वर्षाच्या मुलांनी लिहिलेली चार-पाच पत्रं वर्गात वाटते. पहिल्या सत्रात काय बिनसलं, कुणाशी बोलले, मग काय झालं; एवढंच. ‘मीही इथला नाही असं मला वाटलं होतं’ हे ऐकल्याने फरक पडतो, असं २०११ मध्ये वॉल्टन आणि कोहेन यांच्या प्रयोगात दिसलं होतं. पण २०२३ मध्ये २२ संस्थांत मोठ्या प्रमाणावर तपासल्यावर कळलं की जिथे त्या मुलांच्या गटाला खरोखर आपलंसं वाटायला जागा आहे, तिथेच अशा उपायाचा उपयोग होतो. म्हणजे पत्रं वाटून प्रयोगशाळा तशीच ठेवलीत, तर कागद वाया.

उत्तरपत्रिकेवर ‘सुधारणा हवी’ असं लिहू नका. माझा शेरा असा असतो : ‘समीकरणं बरोबर मांडलीस, चिन्हं दोन ठिकाणी चुकली. गुरुवारी चार वाजता ये, उदाहरण ३ पुन्हा करू.’ वेळ मी लिहिते, ‘कधीही ये’ नाही. आणि ‘गणित काय, सगळ्यांनाच जमतं असं नाही’ ही समजूत चुकूनही घालू नका. बोलणाऱ्याला ती माया वाटते. ऐकणारा शाखा बदलायचा अर्ज आणतो.

न सांगितलेले नियम

प्राध्यापकाला ईमेल कसा लिहायचा, प्रकल्पासाठी कुणाकडे विचारायचं, शिफारसपत्र किती दिवस आधी मागायचं, शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हा निघतो. ज्यांच्या घरी आधी कुणी शिकलेलं असतं त्यांना हे जेवताना कळतं. बाकीच्यांसाठी मी एका पानावर लिहून पहिल्या आठवड्यात देते, नमुन्याच्या ईमेलसकट. परिषदेला जाण्याचा खर्च ‘आधी तुम्ही करा, मग परत देऊ’ असा असेल तर विभागाशी भांडून आगाऊ मिळवा. ज्याच्याकडे आधी द्यायला पैसेच नाहीत तो ‘मला यायला जमणार नाही’ म्हणतो, आणि आपण त्याला आवड नाही असं समजतो.

शिफारसपत्रांचंही पाहा. २०१२ मधल्या एका प्रयोगात विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळेच्या नोकरीसाठी एकच अर्ज दिला होता. निम्म्यांच्या हातातल्या अर्जावर पुरुषाचं नाव, निम्म्यांच्या हातात बाईचं. बाईचं नाव असताना तोच अर्ज कमी कुवतीचा ठरला आणि पगारही कमी सुचवला गेला. आणि हे करण्यात स्त्री प्राध्यापक मागे नव्हत्या. मी माझी जुनी पत्रं काढून वाचली. मुलगे ‘कल्पक’, ‘स्वतंत्र विचारांचे’. मुली ‘मेहनती’, ‘मनमिळाऊ’. आता पत्र लिहून झालं की नाव बदलून वाचते. खटकलं की पुन्हा लिहिते.

आणि ज्यांना सावरायला मदत केलीत, त्यांना लगेच प्रत्येक माहितीपत्रकाच्या फोटोत आणि प्रत्येक समितीत उभं करू नका. त्यांना अभ्यास आहे.

हे सगळं मला इतक्या उशिरा का सुचलं, असं एका तरुण सहकाऱ्याने विचारलं. माझ्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. मी कुणाला काही विचारलं नाही, कुणी मला काही दिलं नाही, आणि तरी निभावलं, याचा मला इतका अभिमान होता की पुढची वीस वर्षं मी मुलांकडून तीच अपेक्षा केली. दुसरी मुलगी दुसऱ्या वर्षी सोडून गेली होती. हिशेब करताना मी तिला कधी धरलंच नाही.

सत्र संपलं की पुन्हा तीच यादी करा : कोण आलं, कोण नाही. गेल्या सत्रात वर्ग ६६ जणांचा होता, माझ्या यादीत ५९ नावं भरली. उरलेल्या सात जणांच्या प्रयोगशाळेच्या वेळा मी नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवल्या आहेत. सोमवारी पहिल्या टेबलापासून सुरुवात करते आहे.